वाचकांचे प्रश्न : छोट्या सैनिकांचे रंग

ऐतिहासिक सैनिकांच्या छोट्या प्रतिकृती रंगवणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी विदर्भातल्या लहान गावांतून आली आहेत. थर देऊन रंगवायला कोणता रंगसंच घ्यावा आणि तो इथल्या हवेत कसा वापरावा, हेच बहुतेकांनी विचारलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न (तेल्हारा, जि. अकोला) : आमच्या तालुक्यातल्या अडगावची १८०३ सालची लढाई २८ मिमी उंचीच्या सैनिकांत मांडायची आहे. दोन्ही बाजूंचं मिळून साठ पायदळ आणि डझनभर स्वार. ‘लेअर पेंट सेट’ म्हणून कुठे तीन बाटल्या मिळतात, कुठे आठ, कुठे पन्नास-साठ. इथे दुकानात जाऊन बघता येत नाही, सगळं पार्सलने येतं. कोणता संच घ्यावा?

उत्तर : पन्नास बाटल्यांची पेटी घेऊ नका. पोपटी, जांभळा, भडक गुलाबी अशा ज्या रंगांना अडगावच्या रणात जागाच नाही, त्यांनी ती पेटी भरलेली असते. पहिला कृत्रिम रंग, पर्किनचा जांभळा, १८५६ मध्ये सापडला. त्याआधीचं कापड नीळ, मंजिष्ठा, आल (एका झाडाच्या मुळांचा लाल रंग), हळद, कुसुंबा अशा नैसर्गिक रंगांतच रंगायचं. तुम्हाला सर्वांत जास्त लागेल तो सुती कापडाचा मळकट पांढरा, आणि त्या पेटीत त्याची जेमतेम एक बाटली असते.

आधी संचांचे प्रकार समजून घ्या, कारण ‘लेअर’ हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. सिटाडेल या कंपनीच्या डबीवर ‘लेअर’ असतं तेव्हा तो रंगाचा प्रकार असतो: त्यांच्या ‘बेस’ रंगापेक्षा कमी झाकणारा, वरच्या थरांसाठी केलेला. तीन छटांचा संच ही वेगळी गोष्ट. त्यात एकाच रंगाची गडद, मधली आणि उजळ अशी तीन रूपं कंपनीने एकमेकांना जुळवूनच दिलेली असतात. फाउंड्रीचे संच असे आहेत आणि त्यांच्या डब्यांवर ए, बी, सी लिहिलेलं असतं. रीपर आणि टू थिन कोट्सही तिन्ही छटा जुळवून देतात. आर्मी पेंटरच्या फॅनॅटिक मालिकेत एका रंगाच्या सहा पायऱ्या आहेत आणि त्यांतल्या लागोपाठच्या कोणत्याही तीन घेता येतात. वायेहोचे आठ बाटल्यांचे संच मात्र विषयावर बेतलेले असतात. एखाद्या गणवेशाचे आठ रंग त्यात मिळतील, पण प्रत्येकाची सावली आणि उजेड मिळेलच असं नाही.

नवशिक्याने तीन छटांचा संच घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. सावलीसाठी काळा आणि उजेडासाठी पांढरा मिसळायची सवय लागली, की सैनिक धुरकट दिसतात आणि पुढे ती सवय सुटत नाही.

आता अडगावचा हिशोब. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी एका बाजूला नागपूरकर रघूजी भोसले (दुसरे) यांची फौज आणि शिंद्यांचे स्वार होते. दुसऱ्या बाजूला इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्लीचं सैन्य, त्यात लाल कोटातलं मद्रासचं देशी पायदळ. मराठा स्वारांना एकसारखा गणवेश नव्हता. सुती अंगरखा, रंगीत पागोटं, कंबरेला शेला. त्यावरून लागतात ते असे: पांढऱ्याच्या तीन छटा, त्वचेच्या तीन, विटकरी लालच्या तीन, चामडं आणि घोड्यांसाठी तपकिरीच्या तीन, निळीच्या दोन. शिवाय काळा, पोलादी, पितळी, एक तपकिरी वॉश (खाचांत उतरून सावली देणारा पातळ रंग) आणि मॅट व्हार्निश. एकूण एकोणीस बाटल्या. थेंब साधारण ०.०५ मिलीचा धरला तर १७ मिलीच्या बाटलीत साडेतीनशेच्या आसपास थेंब निघतात. बहात्तर सैनिकांना एकेक बाटली पुरून उरेल. फक्त मधल्या पांढऱ्याची एक बाटली जादा मागवा.

पांढऱ्यावर पैसे खर्च करा. दुधासारखा शुभ्र थेट फासला की घड्या नाहीशा होतात आणि अंगरखा प्लास्टरसारखा दिसतो. वायेहोच्या मॉडेल कलरमधून निवडायचं तर (कंसातले आकडे त्यांच्या बाटलीवरचे क्रमांक, पुढेही तेच) गडद छटेला स्टोन ग्रे (७०.८८४), मधल्या छटेला आयव्हरी (७०.९१८) आणि शुद्ध पांढरा (७०.९५१) फक्त खांद्यावर, गुडघ्यावर आणि पागोट्याच्या वरच्या पिळांवर. अंगरख्याचा निम्म्याहून जास्त भाग आयव्हरीच राहिला पाहिजे.

संच हातात आला की तो तपासा. पांढऱ्या पुठ्ठ्यावर तिन्ही छटांचे दोन-दोन थरांचे चौकोन काढा आणि वाळल्यावर मोबाइलवर कृष्णधवल फोटो घ्या. तिन्ही करड्या पायऱ्या डोळ्यांना सारख्या अंतराने वेगळ्या दिसल्या तर संच चांगला. गडद आणि मधली जवळजवळ एकच दिसली, तर गडद छटेत थोडी गडद तपकिरी घालावी लागेल. ही तपासणी सैनिकावर हात ठेवण्याआधी करायची.

प्रश्न (मेहकर, जि. बुलडाणा) : संचात ‘फ्लेश’ म्हणून आलेले रंग लावले तर मावळ्यांचे चेहरे गोऱ्या साहेबासारखे गुलाबी दिसतात.

उत्तर : ते संच युरोपियन त्वचेसाठीच जुळवलेले असतात. आपल्याकडच्या चेहऱ्यांना तपकिरीपासून सुरुवात करा. गडद छटेला महॉगनी ब्राउन (७०.८४६), मधल्या छटेला बेज ब्राउन (७०.८७५). उजळ छटेसाठी बेज ब्राउनचे दोन थेंब आणि मिडियम फ्लेशटोनचा (७०.८६०) एक. ही उजळ छटा नाकाचा शेंडा, गालाचं हाड, भुवईच्या वरचा भाग आणि बोटांची पेरं एवढ्यावरच. ओठांना महॉगनीत टोकभर लाल. सगळ्या सैनिकांना एकच त्वचा देऊ नका. मधल्या छटेत कुणाला थोडं महॉगनी जास्त, कुणाला कमी घातलं की पलटण जिवंत वाटते. डोळ्याचं बुबुळ काढता येत नसेल तर २८ मिमीच्या सैनिकाला नुसती गडद खाच ठेवली तरी चालते. वटारलेल्या डोळ्यांपेक्षा ती बरी.

प्रश्न (हिंगणघाट, जि. वर्धा) : तीन छटांचा संच घेतला, पण थरांच्या कडा नकाशावरच्या रेषांसारख्या उठून दिसतात. उन्हाळ्यात तर रंग ब्रशवरच वाळतो. चूक नेमकी कुठे होते?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन वेगळ्या अडचणी आहेत, पण दोन्ही पाण्याशी येऊन थांबतात.

आधी कडा. रंग दाट असला की थराला जाडी येते आणि ती कड दिसते. मधल्या छटेच्या पहिल्या दोन थरांना रंगाच्या दोन थेंबांमागे पाण्याचा एक पुरतो. त्यावरच्या थरांना रंग आणि पाणी सम प्रमाणात. अगदी शेवटी दोन छटांची शिवण बुजवायला रंगाच्या एका थेंबाला चार-पाच थेंब पाणी. मिसळलेला रंग आधी डाव्या अंगठ्याच्या नखावर ओढून बघा. रेघेखालचं नख किंचित दिसलं आणि रेघ जागेवर थांबली, तर प्रमाण बरोबर. रेघ नखाच्या कडेकडे ओघळली तर पाणी जास्त झालं किंवा ब्रश टिपला नाही. ब्रश रंगात बुडवला की प्रत्येक वेळी टिश्यूवर एकदा टेकवायचाच. हे न करणाऱ्याचा रंग घडीत जाऊन साचतो.

दुसरं, हाताची दिशा. ब्रश जिथून उचलता तिथे रंग जास्त साठतो. म्हणून उजेडाचा थर देताना ब्रश सावलीकडून उजेडाकडे ओढा आणि सर्वांत उजळ जागी उचला. सावलीचा थर देताना नेमकं उलट. गुडघ्यावरच्या घडीचं उदाहरण घ्या. खाचेच्या कडेपासून घडीच्या माथ्याकडे एक-दोन मिलिमीटरचे छोटे फटकारे, प्रत्येक नवा थर आधीच्यापेक्षा थोडा आखूड, आणि खालच्या छटेची बारीक पट्टी उघडी सोडायची. माथ्यावर आपोआप तीन-चार थर जमतात आणि कडेला एकच राहतो. कड त्यामुळेच विरते.

तिसरं, दोन छटांमध्ये उडी मोठी असेल तर मधली पायरी मिसळून घ्या. गडद, गडद अधिक मधली, मधली, मधली अधिक उजळ, उजळ. तीन बाटल्यांतून पाच पायऱ्या मिळतात. कोट, घोड्याचा पुठ्ठा अशा मोठ्या जागांना पाच वापरा. पट्टे आणि म्यानाला तीन भरपूर.

आता उन्हाळा. एप्रिलपासून नवतप्यापर्यंत वेट पॅलेटशिवाय, म्हणजे रंग ओला ठेवणाऱ्या पाटीशिवाय, थरांचं काम करू नये. ती घरीच करता येते. मिठाईचा चपटा प्लास्टिक डबा घ्या. तळाशी भांडी पुसायचा पातळ स्पंज किंवा टिश्यूच्या पाच-सहा घड्या. तो ओला करा, पण डबा तिरका केल्यावर पाणी वाहता कामा नये. त्यावर बेकिंगचा पार्चमेंट कागद. मेणकागद चालत नाही, त्यातून पाणी वर येत नाही. ट्रेसिंगचा बटर पेपर सुरकुततो आणि रंग खळग्यांत पळतो. उन्हाळ्यात पाणी दोन दिवसांनी बदला, नाहीतर कुबट वास आणि बुरशी ठरलेली. पोलादी, पितळी असे धातूचे रंग या पॅलेटवर घेऊ नका. त्यातले चमकीचे कण पाण्याबरोबर पसरतात आणि पुढे दुसऱ्या रंगात उतरतात. त्यांना चिनी मातीची बशी.

कूलर चालू असलेली खोली रंगकामाला चांगली. हवेत ओल असते, रंग सावकाश वाळतो. फक्त झोतात बसू नका. पंख्याच्या किंवा कूलरच्या झोतात वॉशची कड आधी वाळते आणि डागाभोवती गडद कडं उमटतं. रिटार्डर (रंगाचं वाळणं लांबवणारं द्रव्य) हवंच असेल तर रंगाच्या दहा थेंबांना एकच थेंब. त्याऐवजी ग्लिसरीन घालायचा सल्ला मिळाला तर तो घेऊ नका. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं आणि पावसाळ्यात सैनिक हाताला चिकटतात.

ब्रशवर रंग वाळतो तो बहुतेक धातूच्या पट्टीजवळ. रंग केसांच्या निम्म्या उंचीच्या वर चढू द्यायचा नाही आणि दर दोन-तीन मिनिटांनी ब्रश पाण्यात खळबळायचा. एक आणि दोन नंबरचे गोल, टोकदार ब्रश थरांना पुरे. फार बारीक ब्रशवर रंग इतका कमी राहतो, की सैनिकापर्यंत पोचेपोचेतो वाळतो.

प्रश्न (वरुड, जि. अमरावती) : लाल कोट उजळ करायला पांढरा मिसळला की गुलाबी होतो, सावलीला काळा मिसळला की शेणकट. संच नसताना लाल कसा चढवायचा?

उत्तर : लालला नारिंगीने उजळ करा. मधल्या छटेला फ्लॅट रेड (७०.९५७). उजेडासाठी त्यात ऑरेंज रेड (७०.९१०) आधी निम्मं आणि शेवटच्या रेघांना जवळजवळ पूर्ण. सावलीला ब्लॅक रेड (७०.८५९), तो नसेल तर लालमध्येच गडद तपकिरी किंवा थोडा गडद हिरवा.

लाल रंग मुळात कमी झाकतो. काळ्या प्रायमरवर (रंगाआधीच्या अस्तरावर) तुम्ही पाच थर द्याल तरी तो मेलेलाच दिसेल. करड्या किंवा तांबूस तपकिरी प्रायमरवर दोन थरांत बसतो. पिवळ्याचंही तसंच. त्याच्याखाली आधी गेरूसारखा पिवळट तपकिरी थर द्या.

आणि सगळ्या लाल कोटांना एक लाल नको. त्या काळी साध्या शिपायाचा कोट मंजिष्ठेने रंगवलेला, विटकरीकडे झुकणारा असे. अधिकाऱ्याचा कोचिनीलचा (किड्यांपासून मिळणाऱ्या लाल रंगाचा), लखलखीत. शिपायांचा उजेड फ्लॅट रेडच्या जरा वर नेऊन थांबवा आणि पूर्ण नारिंगी रेघ अधिकाऱ्यांसाठी राखून ठेवा. वीस शिपायांच्या रांगेत एक अधिकारी मग हातभर अंतरावरूनही ओळखू येतो.

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ, इयत्ता नववी) : दिवाळीच्या किल्ल्यासाठी मातीचे आणि प्लास्टरचे मावळे रंगवायचे आहेत. माझ्याकडे पोस्टर कलर आहेत. दुसरा थर दिला की खालचा रंग निघून येतो. महागडे संच घेतल्याशिवाय होईल का?

उत्तर : होईल. पोस्टर कलर वाळल्यावरही पाण्यात परत विरघळतो, म्हणून खालचा थर वर येतो. ॲक्रिलिक वाळल्यावर विरघळत नाही. त्यामुळे तुला बाहेरून संच मागवायची गरज नाही, पण ॲक्रिलिक हवेत. स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या कापडावरच्या ॲक्रिलिकच्या छोट्या बाटल्या चार इंची मावळ्यांना चालतात. पांढरा, काळा, लाल, पिवळा, निळा आणि बर्न्ट सिएना एवढे सहा घे. त्यांतूनच तीन-तीन छटा आधी झाकणांत मिसळून ठेव, म्हणजे दहा मावळ्यांना एकच रंग येईल. केशरी पागोट्यासाठी असं कर: मधली छटा लाल एक भाग, पिवळा दोन भाग, गडद छटेला त्यातच बर्न्ट सिएना, उजळ छटेला आणखी पिवळा, पांढरा नाही.

रंगाआधी मावळा बंद करून घ्यावा लागतो. माती आणि प्लास्टर पाणी शोषतात, रंग पाच मिनिटांत शोषला जाऊन डागाळतो. माती असेल तर सावलीत तीन-चार दिवस पूर्ण वाळू दे. ओल राहिली तर रंगाचे पोपडे उडतात. मग सुतारकामाच्या सामानाच्या दुकानातून चपडा लाख आण. २०० मिली पॉलिशच्या स्पिरिटमध्ये २५ ग्रॅम चपडा काचेच्या बरणीत रात्रभर भिजव, ढवळ, गाळ आणि दोन पातळ हात दे. पहिला हात वाळायला अर्धा तास, दुसऱ्यानंतर दोन तास. स्पिरिट लगेच पेट घेतं, म्हणून हे काम घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घेऊन, छपरीत किंवा अंगणात, चुलीपासून आणि दिव्यापासून लांब. फेव्हिकॉलचं पाणी मारू नकोस. त्यावर ओला ब्रश फिरला की ते परत चिकट होतं.

किल्ल्यावरचा मावळा चार-पाच फुटांवरून बघितला जातो. बारीक पायऱ्या तिथे दिसतच नाहीत. गडद आणि उजळ यांत भरपूर अंतर ठेव आणि थर तीनच दे.

प्रश्न (वडसा, जि. गडचिरोली) : १/७२ मापाचे, ब्रह्मदेश आघाडीवरचे भारतीय सैनिक आहेत, मऊ प्लास्टिकचे. संगिनीवरून रंग सोलून निघतो. आणि एवढ्या लहान सैनिकाला खरंच तीन छटा लागतात का?

उत्तर : लागत नाहीत. या मापाला आणि १५ मिमीला मधली आणि उजळ अशा दोन छटा आणि सावलीला तपकिरी वॉश पुरतो. २८ मिमीला तीन, ५४ मिमीला पाच. मात्र सैनिक जितका लहान, तितकं छटांमधलं अंतर मोठं ठेवा, कारण एवढ्याशा घड्यांवर खरी सावली पडत नाही, ती रंगानेच दाखवावी लागते. १९४२ मधले सैनिक असतील तर खाकी ड्रिल, १९४४ मधले असतील तर जंगल ग्रीन. हिरव्याचा उजेड पिवळट हिरव्याकडे न नेता मळकट बदामीकडे न्या. घामात आणि धुण्यात विटलेलं सुती कापड तसंच दिसतं.

रंग सोलतो कारण हे प्लास्टिक तेलकट असतं आणि वाकतं. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन घासा, धुवा, पुढे बोटांनी धरू नका, बाटलीच्या बुचावर चिकटवून धरा. मग ॲक्रिलिक-पॉलियुरेथेन प्रायमरचे दोन पातळ हात आणि पूर्ण एक दिवस थांबा. चार तासांत तो हाताला वाळलेला लागतो, पण तेव्हा त्यावर रंग चढवला तर सालीसारखा निघतो. संगीन, भाला अशा वाकणाऱ्या भागांना रंगाखाली कापडाच्या ॲक्रिलिकचा एक पातळ हात द्या. त्याचा थर रबरासारखा लवचीक असतो, वाकल्यावर तडकत नाही.

प्रश्न (राळेगाव, जि. यवतमाळ) : प्रायमरचा स्प्रे मारला की सैनिक खरखरीत होतो. शेवटचा मॅट व्हार्निश मारला तर त्यावर पांढुरकी साय येते. शिवाय बोअरच्या पाण्याचे डाग.

उत्तर : खरखर येते ती उष्णतेमुळे. दुपारी ४३-४४ अंशांत फवाऱ्याचे थेंब हवेतच अर्धे वाळतात आणि धुळीसारखे बसतात. सकाळी सातच्या आत मारा, अंतर १५ सेंमीच्या आसपास, हात सतत हलता आणि एकेक फवारा सेकंदापेक्षा कमी. डबा उन्हात ठेवू नका. ५० अंशांच्या वर तो फुटू शकतो.

पांढरी साय येते ती ओलीमुळे. पावसाळ्यात आणि कूलर चालू असलेल्या खोलीत स्प्रे व्हार्निश मारू नये. त्या दिवसांत ब्रशने लावायचं पाण्याचं मॅट व्हार्निश वापरा. बाटली दोन मिनिटं हलवा, कारण मॅट करणारी पूड तळाशी बसते. ती न मिसळता वरचंच लावलं तर चकाकी राहते, आणि तळ उरल्यावर लावलं तर पांढरं पडतं. साय आधीच आली असेल तर त्यावर ग्लॉस व्हार्निशचा एक हात द्या, ती बरीचशी विरते. पूर्ण वाळल्यावर पुन्हा मॅट.

रंगाच्या बाटल्यांनाही हेच. प्रत्येकीत ५ मिमीची स्टेनलेस स्टीलची गोळी टाका. सायकलच्या बेअरिंगमधली साधी गोळी गंजते आणि रंग बिघडवते. न हलवलेला रंग चकाकतो आणि झाकत नाही. संच वाईट निघाला असं बरेच जण याच कारणाने समजतात.

बोअरच्या जड पाण्यातला क्षार वॉश वाळताना वर येतो. रंगात मिसळायला आरओचं किंवा बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घ्या. ब्रश धुवायला बोअरचं चालेल. तुमच्याकडे जिनिंग सुरू असेल तेव्हा सैनिक वाळताना वर उलटा डबा झाका. कापसाचा तंतू ओल्या थरात बसलाच तर ओढू नका. पूर्ण वाळू द्या, चिमट्याने उचला आणि तेवढ्या जागी पातळ रंगाचा एक थर द्या.